रुग्णालयांतील क्षयरोगाचा प्रसार : लवकर निदान, त्वरित उपचार

क्षयरोगाचे निदान झालेल्या रुग्णापासून लोक दूर राहतात. रुग्णालयात मात्र खरा धोका असतो तो निदान न झालेल्या रुग्णापासून. मोडलेले हाड, मधुमेह किंवा बाळंतपण अशा कारणासाठी तो सर्वसाधारण कक्षात दाखल झालेला असतो आणि त्याच्या खोकल्याची चौकशी कोणी केलेली नसते. खोकताना बाहेर पडणारे जंतुयुक्त सूक्ष्म कण बंद खोलीच्या हवेत कित्येक तास तरंगत राहतात. शेजारच्या खाटेवरील रुग्ण, नातेवाईक, परिचारिका आणि सफाई कर्मचारी हे सर्वजण तीच हवा श्वासावाटे घेतात.

विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या अमेरिकी संशोधकांनी १९५०च्या दशकात बाल्टिमोर येथे क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिग ठेवलेल्या दालनात सोडली. त्या प्राण्यांना लागण झाली आणि हा रोग हवेतून पसरतो हे सिद्ध झाले. योग्य औषधे सुरू झालेल्या रुग्णांपासून होणारा संसर्ग झपाट्याने घटतो, हेही त्याच प्रयोगमालिकेतून दिसून आले. भारतातील पुरावाही त्याच काळातील आहे. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राने काही रुग्णांवर घरी, तर काहींवर आरोग्यधामात उपचार केले. घरी औषधे घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका नसल्याचा निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि क्षयरुग्णाला वर्षभर घरापासून दूर ठेवण्याची आवश्यकता संपली.

अर्थात औषध त्या जंतूवर लागू पडणारे असले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील तुगेला फेरी येथील ग्रामीण रुग्णालयातील अनुभव या दृष्टीने भयंकर आहे. बहुतेक सर्व प्रभावी औषधांना दाद न देणारा क्षयरोग तेथे ५३ रुग्णांत आढळला आणि त्यांपैकी ५२ दगावले, असे २००६ मध्ये जाहीर झाले. त्यांच्यापैकी अनेकजण पूर्वी रुग्णालयात दाखल झालेले होते, तर मृतांमध्ये आरोग्य कर्मचारीही होते. रुग्णांत एचआयव्हीचे प्रमाण फार मोठे होते.

म्हणूनच 'शोधा, वेगळे ठेवा, परिणामकारक उपचार करा' ही पद्धत पुढे आली. नोंदणीच्या खिडकीपाशीच प्रत्येकाला खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांविषयी विचारणे ही तिची पहिली पायरी होय. लक्षणे असणाऱ्यास मुखपट्टी देऊन मोकळ्या जागेत बसवावे आणि रांगेत न ताटकळवता आधी तपासावे. पूर्वी औषधप्रतिरोध कळण्यास कित्येक आठवडे लागत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेल्या जीनएक्सपर्ट चाचणीने सुमारे दोन तासांत क्षयरोगाचे जंतू आणि रिफाम्पिसिनला होणारा प्रतिरोध असे दोन्ही समजते. गोव्यातील कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅट चाचणीचीही संघटनेने २०२० मध्ये शिफारस केली. लहान रुग्णालयांत हे यंत्र विशेष उपयोगी ठरते. मात्र अहवाल दोन तासांत तयार होऊन कागद दोन दिवस टेबलावर पडून राहिला, तर यंत्राचा काहीच लाभ नाही. निकाल त्याच दिवशी डॉक्टरांच्या हाती पडून औषध सुरू होणे हाच या पद्धतीचा प्राण आहे.

केंद्र सरकारने हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत वायुवीजनावर भर आहे. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांच्या २००७ मधील अभ्यासात उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या कक्षांत हवा सर्वांत चांगली खेळत असल्याचे आढळले. जुन्या इमारतींवर वातानुकूलन बसवून खिडक्या कायमच्या बंद करणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा. दक्षिण आफ्रिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांनी साधी मुखपट्टी वापरल्याने संसर्ग ५६ टक्क्यांनी घटला. कर्मचाऱ्यांना मात्र साधी मुखपट्टी पुरेशी नसते. त्यांच्यासाठी एन-९५ प्रकारची आवश्यक ठरते. थुंकीचा नमुनाही शौचालयात किंवा बंद खोलीत न घेता इतरांपासून दूर, उघड्यावर घ्यावयाचा असतो.