किनारी शैवले आणि माणसांची वर्दळ

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर वाढणाऱ्या शैवलांची, ओहोटीला तेथे उतरणाऱ्या माणसांच्या पायांखाली होणारी हानी. पर्यटक, गळ टाकणारे, कालवे काढणारे, अभ्याससहलीचे विद्यार्थी या सर्वांमुळे ती होते.

शैवलांना मुळे नसतात. तळाच्या पकडीने ती खडकाला चिकटून राहतात. लाटांचा मारा ती वाकून सोसतात, पण बूट आणि खडक यांच्यामध्ये सापडली की फाटतात. पकड सैल झालेले शैवल पुढे लाटा उपटून नेतात. त्यामुळे तुडवण्याच्या दिवशी दिसते त्याहून खरे नुकसान मोठे असते.

न्यूझीलंडमधील काइकोउरा किनाऱ्यावरील शील व टेलर यांचा अभ्यास (1999) या विषयात विशेष मोलाचा आहे. तेथे ‘होर्मोसिरा बँक्सी’ हे मण्यांच्या माळेसारखे तपकिरी शैवल खडक झाकून टाकते. प्रयोगात केवळ 10 वेळा तुडवल्यावर त्याचे आच्छादन जास्तीत जास्त 25 टक्क्यांनी घटले, 200 वेळा तुडवल्यावर 90 टक्क्यांहून अधिक. सावली गेल्याने त्याखालची चुनखडीयुक्त लाल शैवलेही उन्हात करपली. पायाचा थेट स्पर्श न होताही असा एक थर मरतो, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते.

सर्व शैवले सारखी नाजूक नसतात. अमेरिकेतील ओरेगॉन किनाऱ्यावर ब्रॉस्नन व क्रमरिन यांनी (1994) वर्षभर, महिन्यातून एक दिवस खडकावर आखलेल्या प्रत्येक चौकटीत 250 पावले टाकली. पानांसारखी शैवले घटली आणि खडकाला चिकटलेले बार्नेकल हे कवचधारी प्राणी चिरडले गेले. आखूड, दाट वाढणारी शैवले मात्र बरीचशी टिकली.

मासेमारीबंदी हा तुडवण्याच्या हानीवरचा पुरेसा उपाय नव्हे. न्यूझीलंडमधील ली येथील राखीव सागरी क्षेत्रात (स्थापना 1975) मासेमारी बंद असली तरी लोक समुद्रजीवन पाहायलाच येतात. अशा ठिकाणी येणाऱ्यांची संख्या आणि चालण्याच्या वाटा यांवरही मर्यादा हवी.

कोकण-गोव्याच्या कातळांवर सारगॅसम, उल्व्हा यांसारखी शैवले मुख्यतः पावसाळा ओसरल्यावर फोफावतात. पर्यटकांची गर्दीही त्याच महिन्यांत असते. म्हणून येथे वर्दळीचे नियोजन करताना वर्षाची सरासरी न पाहता हिवाळ्यातील ओहोटीच्या वेळा पाहणे योग्य ठरेल.