‘नको’ कोणी म्हणायचं?

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात पब नाहीत. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा गुजरातने १९६०नंतरही कायम ठेवला. त्यामुळे सिगारेटच्या धुराचा प्रश्न इथे उरला तो चहाच्या हॉटेलांत, खाणावळींत आणि लॉजांत.

तिथला जुना निर्बंध मानाचा होता. वडीलधारं कोणी दारात दिसलं की हातातली विडी टेबलाखाली जायची. बायकामुलांसाठी आत ‘फॅमिली रूम’ असे. तिचं लाकडी पार्टिशन छताला टेकायचं नाही, वरून धूर आत यायचाच. नजरेआड झालं की पुरे, फुप्फुसांचा विचार त्यात नव्हता.

कायद्याने हा विचार आधी रेल्वेच्या डब्यात केला. १८९०च्या रेल्वे कायद्याचं कलम ११० सांगे: सहप्रवाशांच्या संमतीशिवाय धूम्रपान केल्यास वीस रुपयांपर्यंत दंड. विचारायचं ओढणाऱ्याने. १९८९च्या कायद्यात दंड शंभरपर्यंत वाढला, पूर्ण बंदीचा अधिकारही रेल्वेला मिळाला. पण कलम १६७ म्हणालं, दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढू नये. आता बोलायचं खोकणाऱ्याने! माझ्या मते हे मागे जाणंच होतं. परक्या पुरुषाला ‘विझवा’ म्हणायला किती बायका धजावतील?

हे ओझं हळूहळू उतरलं. काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ला दवाखाने, शाळा, कचेऱ्या, बस-रेल्वेत धूम्रपान थांबवलं. त्या यादीत हॉटेलं नव्हती. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात रेस्टॉरंट आलं. नवे नियम २ ऑक्टोबर २००८पासून लागू झाले आणि जबाबदारी मालकावर आली: फलक लावायचा, अ‍ॅश-ट्रे, काडेपेटी द्यायची नाही. ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड. धूम्रपानासाठी वेगळी खोली मात्र तीस खोल्यांच्या हॉटेलालाच, नाहीतर तीस खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला. छोट्या हॉटेलवाल्याला ती पळवाट नाही, आणि ते योग्यच आहे. गल्ल्यावर बसल्या बसल्या बोट फलकाकडे केलं की गिऱ्हाइकाशी वैर न घेता त्याचं काम होतं.

आतलं गिऱ्हाईक मग बाहेर पानाच्या ठेल्याशी जातं. तिथे खांबाला बांधलेली सुतळी धुमसत असते, तिच्यावर सिगारेट पेटवायची. उघडी जागा २००३च्या कायद्याने व्याख्येतूनच वगळली. त्यामुळे फुटपाथवरच्या चहावाल्याच्या हाताखाली दिवसभर कप विसळणाऱ्या पोऱ्याने हरकत घ्यावी, असं कलम अजून लिहिलं गेलेलं नाही, आणि त्याची संमती तर कोणी कधी विचारलीच नाही.