मुरंब्याच्या बरणीमागचा इतिहास



थंडीत पेरूचा तोडा एकदम येतो. बाजारात भाव पडतो, आणि पिकून मऊ झालेला माल व्यापारी बाजूला काढतो. परत आणलेली ती पाटी शेवटी गुरांपुढे जाते. दरसालचं हे नुकसान थोडं तरी घरच्या चुलीवर भरून काढता येतं. ही विद्या आपल्याला नवी नाही. ती आली कशी, ते आधी पाहू.

गुळांबा, साखरांबा आपल्या आजीच्या हातचे. 'मुरंबा' हा शब्द मात्र अरबी-फारसीतल्या 'मुरब्बा'वरून आला. पेरू मूळचा अमेरिका खंडातला. तो पोर्तुगीजांनी भारतात आणला. पोर्तुगालात 'मार्मेलु' नावाच्या फळाचा गर साखरेत आटवून वड्या पाडीत. गोव्यात तीच रीत पेरूला लागली आणि 'पेराद' तयार झाली. इंग्रजी 'मार्मलेड' हा शब्दही त्या मार्मेलुवरूनच निघाला.

फळ टिकतं हे लोकांना ठाऊक होतं. का टिकतं, ते ठाऊक नव्हतं. १७९५ साली फ्रान्सच्या सरकारने सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या रीतीला बक्षीस लावलं. निकोला आपेर या हलवायाने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. १८१० साली त्याला १२,००० फ्रँक मिळाले. पण कारण त्यालाही सांगता येत नव्हतं. पुढे १८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं, की अन्न नासतं ते सूक्ष्म जीवांमुळे. उकळल्याने त्यातले बहुतेक मरतात, आणि भरपूर साखर असली की उरलेल्यांना वाढायला लागणारं पाणी मिळत नाही.

आता या इतिहासाचा उपयोग बघा. पेरूचा बिया गाळलेला १ किलो गर, ७५० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस घ्या. गर व साखर ढवळत आटवा. लिंबाचा रस शेवटी घाला. एवढ्यातून साधारण सव्वा किलो जॅम उतरतो. दीड किलो भरला तर समजा, पाणी राहिलं. साखर महाग म्हणून निम्मी घालू नका; टिकवण्याचं काम तीच करते. बरणी १५ ते २० मिनिटं पाण्यात उकळून कोरडी करा आणि जॅम गरम असतानाच भरा.

माझ्या आईची एक बरणी नुसत्या ओल्या डावामुळे बुरसली होती. वरचा थर काढून बाकीचा आम्ही खाल्ला. ती चूक तुम्ही करू नका. बुरशी दिसली की सगळं टाकून द्या.

घरापुरतं केलं तर कायद्याची अडचण नाही. विकायचं असेल तर नोंदणी लागते. पूर्वी त्यासाठी १९५५ चा फळ उत्पादन आदेश होता. आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे.

पहिल्याच वर्षी यंत्रासाठी कर्ज काढू नका. एक किलोचा घाणा करा, बरणीवर तारीख लिहा, दोन-तीन महिने टिकतो का पाहा. हात बसला, की मग पुढचा विचार करा.