नांगराच्या निशाणीखालचे कर्ज

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. हे लोण लगोलग नगर जिल्ह्यात पोहोचले. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि नगर तालुक्यांतली गावे उठली. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. सावकाराने मुकाट्याने काढून दिले, तर बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावत नसे.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतल्या यादवीत कापसाचे भाव चढले, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, वसुली मात्र सुरूच राहिली. त्यात 1859 च्या कायद्याने रोख्याची मुदत 3 वर्षांवर आणलेली. हेतू कुळाच्या भल्याचा, फायदा सावकाराचा. मुदत भरत आली की मुद्दल-व्याज एकत्र करून नवा रोखा लिहायचा. दरमहा शेकडा 2 ने घेतलेले 100 रुपये 3 वर्षांत 172 होत. तेच नवे मुद्दल धरले की आणखी 3 वर्षांत 296 च्या घरात. खाली अक्षरशत्रू कुणब्याने काढलेली नांगराची निशाणी. ती पाहिली की कोर्ट हुकूमनामा देई.

शिक्षा झाली ती दंगेखोरांना. नगर जिल्ह्यात 392 जण पकडले गेले, 200 दोषी ठरले. तरीही सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरसाठी. आता न्यायाधीशाला रोख्यामागचा सगळा हिशेब पहिल्यापासून तपासणे भाग होते. ही खरी मोठी गोष्ट. पण खोटा हिशेब मांडणाऱ्याचा दावा फार तर कमी होई, त्याला तुरुंग दिसत नसे.

पुढे नगर जिल्ह्यातल्याच लोणीच्या विठ्ठलराव विख्यांनी 1923 मध्ये गावात पतपेढी काढली, ती सावकाराला पर्याय म्हणून. 1946 च्या कायद्याने सावकाराला परवाना सक्तीचा केला.

सावकारी टिकलीच. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने विनापरवाना धंद्याला 5 वर्षांपर्यंत कैद ठेवली. कोऱ्या कागदावर सही घेणे हाही गुन्हा झाला. चक्रवाढ व्याजाला बंदी आली. कर्जापोटी लिहून घेतलेले खरेदीखत जिल्हा निबंधक रद्द करून जमीन परत देऊ शकतो, मात्र व्यवहार 15 वर्षांच्या आतला हवा. त्याआधीच जमीन गेलेल्या कुटुंबांना या कलमाचा काहीच उपयोग नाही, आणि ही मर्यादा अन्यायाची आहे.