कारखान्यातल्या दोषांची सॉफ्टवेअरमध्ये नोंद कशी ठेवतात?

अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये पोकळी सापडली, की तो नग बाजूला काढला जातो. पण तो कोणत्या लॉटमधला, कोणत्या साच्यातला हे लिहिलेलंच नसेल, तर ग्राहकाची तक्रार आल्यावर गोदामातला सगळा माल अडवून तपासावा लागतो. नोंद नीट असेल, तर संशयित लॉट तेवढा अडवून भागतं. डिफेक्ट ट्रॅकिंग म्हणजे दोषांचा माग ठेवणं, ते यासाठीच.

आधी दोषांची यादी

एकाच दोषाला पहिल्या शिफ्टमध्ये ‘होल’, दुसरीत ‘ब्लोहोल’ आणि तिसरीत ‘पोरॉसिटी’ लिहिलं, तर अहवालात तीन वेगळे दोष दिसतात. म्हणून प्रत्येक दोषाला एकच नाव, एक कोड आणि शक्यतो एक फोटो ठरवतात. यादी छोटी ठेवतात, नाहीतर घाईत कोणताही कोड निवडला जातो. ‘इतर’ हा पर्यायही असतो. पण त्यातल्या नोंदी वाढू लागल्या, की यादी सुधारायची वेळ झाली असं समजावं.

नोंदीत काय हवं?

- पार्ट नंबर आणि लॉट नंबर
- मशीन किंवा साचा, तारीख, शिफ्ट
- दोष कुठे सापडला: कच्चा माल, चालू उत्पादन की अंतिम तपासणी
- दोषी नग आणि एकूण तपासलेले नग

शेवटचा आकडा बऱ्याचदा राहून जातो. ४०० नगांत १२ दोषी म्हणजे ३ टक्के. ४,००० नगांत १२ म्हणजे फक्त ०.३ टक्के.

नोंद बंद कधी होते?

दोषी माल आधी अडवला जातो. मग निर्णय होतो: रीवर्क, स्क्रॅप, पुरवठादाराला परत किंवा ग्राहकाच्या परवानगीने स्वीकार. त्यानंतर कारण, उपाय आणि उपाय लागू पडला का याची पडताळणी. आयएसओ ९००१:२०१५ या मानकातही दोषी माल वेगळा ओळखणं आणि सुधारणेचा परिणाम तपासणं अपेक्षित आहे. उपाय करणारा एक आणि नोंद बंद करणारा दुसरा असेल, तर पडताळणी केवळ कागदावर राहत नाही.

सुरुवात कुठून?

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये आलेला माल, चालू उत्पादन आणि बाहेर जाणारा माल अशा तीन प्रकारच्या तपासण्या नोंदवता येतात. सॉफ्टवेअर कोणतंही असो, आधी एकाच लाइनवर ते चालवून बघणं सोपं जातं. काही आठवड्यांच्या नोंदी जमल्या, की पॅरेटो आलेख काढतात. त्यात दोष जास्त ते कमी अशा क्रमाने लागतात आणि आधी कशाला हात घालायचा ते कळतं.

मात्र दोष नोंदवला म्हणून ऑपरेटरलाच बोलणी बसू लागली, तर नोंदी कमी होतात, दोष नाही.