साइमेड विरुद्ध ॲडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर सिस्टिम्स

साइमेड विरुद्ध ॲडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर सिस्टिम्स हा अमेरिकेतील पेटंटविषयक खटला आहे. त्याचा निकाल १४ मार्च २००१ रोजी फेडरल सर्किट अपील न्यायालयाने दिला. पेटंटमधील दाव्यांचा, म्हणजे हक्काची सीमा ठरवणाऱ्या वाक्यांचा, अर्थ लावताना संशोधकाने पूर्वज्ञात तंत्राविषयी स्वतः काय लिहिले आहे याला किती वजन द्यावे, हा त्यातील मुख्य प्रश्न होता.

पार्श्वभूमी

हृदयाची अरुंद झालेली रोहिणी रुंद करण्यासाठी फुगा बसवलेली बारीक नळी (कॅथेटर) वापरतात. आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिच येथे ही शस्त्रक्रिया रुग्णावर प्रथम केली. अशा नळीत दोन पोकळ्या लागतात: एकीतून मार्गदर्शक तार जाते, दुसरीतून फुगा फुगवणारा द्रव. त्यांची रचना दोन प्रकारे करता येते. पोकळ्या शेजारी-शेजारी ठेवता येतात. किंवा एक नळी दुसरीच्या आत बसवून मधल्या कंकणाकृती जागेतून द्रव सोडता येतो. या दुसऱ्या रचनेला समाक्ष रचना म्हणतात. दोन्ही रचना साइमेडच्या पेटंटांपूर्वीच ठाऊक होत्या.

साइमेडच्या तीन पेटंटांच्या वर्णनात शेजारी-शेजारी रचनेचे दोष सांगितले होते: नळी आवश्यकतेपेक्षा जाड होते आणि ताठर राहते. वळणावळणाच्या, काही मिलिमीटर रुंदीच्या रोहिणीत हे दोष किरकोळ नव्हेत. आपल्या शोधाच्या सर्व रूपांत समाक्ष रचनाच आहे, असेही तेथे स्पष्ट म्हटले होते.

निकाल

प्रतिवादीची नळी शेजारी-शेजारी पोकळ्यांची होती. दाव्यांत पोकळ्या समाक्षच असाव्यात असे म्हटलेले नाही, तेव्हा दोन्ही रचना त्यांत येतात, असा साइमेडचा युक्तिवाद होता. नुसते दावे वाचले तर तो अगदीच अग्राह्य वाटत नाही. शिवाय वर्णनातील मर्यादा दाव्यांत घुसडणे हे पेटंट कायद्यात महापातकच मानले जाते. मात्र न्यायमूर्ती ब्रायसन यांच्या निकालपत्रानुसार येथे मर्यादा बाहेरून आणलेली नव्हती. पेटंटधारकाने ती रचना स्वतःच वगळली होती. म्हणून उल्लंघन झाले नाही, हा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. समतुल्यतेच्या सिद्धान्ताचा आधारही साइमेडला मिळाला नाही, कारण नाव घेऊन वगळलेली रचना समतुल्य म्हणून परत मागता येत नाही.

दाव्यांचा अर्थ वैधतेसाठी एक आणि उल्लंघनासाठी दुसरा, असे चालत नाही. मेणाच्या नाकाप्रमाणे दावे हवे तसे वळवता येणार नाहीत, ही उपमा अमेरिकी न्यायालये १८८६ पासून वापरत आली आहेत.

फिलिप्स विरुद्ध ए.डब्ल्यू.एच. (२००५) या पूर्णपीठाच्या निकालात साइमेड खटल्याचा आधार घेतला गेला. वर्णनातील एखादे उदाहरण केवळ नमुन्यादाखल दिले आहे की त्यातून इतर रचना सोडून दिल्या आहेत, हा वाद मात्र प्रत्येक पेटंटात नव्याने उभा राहतो.