कर्करोगाचे निदान पहिल्या पायरीवर : प्राथमिक आरोग्यसेवेतील संशोधन काय सांगते?

कर्करोगाचा रुग्ण सहसा थेट कर्करोगतज्ज्ञाकडे जात नाही. तो आधी जातो आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या औषधाच्या दुकानात. लांबलेला खोकला, भूक मंदावणे, तोंडातील न भरणारा व्रण, पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसलेला रक्तस्राव अशा एखाद्या तक्रारीने त्याच्या आजाराची वैद्यकीय नोंद सुरू होते. या पहिल्या भेटीपासून निदान होईपर्यंतचा काळ नेमका कोठे जातो आणि तो कमी केल्यास जीव वाचतात काय, या प्रश्नांभोवती गेल्या दोन-तीन दशकांत एक स्वतंत्र संशोधनशाखा आकाराला आली आहे. ब्रिटन आणि डेन्मार्क येथील विद्यापीठांत या विषयावर अनेक पीएच.डी. प्रबंध सिद्ध झाले. भारतात, विशेषतः महाराष्ट्रातील बार्शी-धाराशिव परिसरात आणि मुंबईत, याच प्रश्नाचा वेगळ्या वाटेने मोठा अभ्यास झाला. या दोन्ही प्रवाहांचा हा संक्षिप्त परिचय.

प्रश्न अवघड का आहे?

कर्करोग समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. परंतु एका डॉक्टरच्या दवाखान्यात तो विरळाच दिसतो. ब्रिटनमधील एखाद्या सामान्य वैद्यकीय व्यावसायिकाला वर्षभरातील हजारो भेटींत कर्करोगाचे सुमारे आठ नवे रुग्ण भेटतात. त्याच वर्षात खोकला, पोटदुखी आणि थकवा यांच्या तक्रारी घेऊन शेकडो लोक येतात. प्रत्येकाला मोठ्या रुग्णालयात पाठविले तर तेथील रांगा वाढतील, अनेकांना अनावश्यक तपासण्या आणि भीती सोसावी लागेल आणि खऱ्या रुग्णालाच थांबावे लागेल. कोणालाच पाठविले नाही तर आठांपैकी काहींचे निदान हाताबाहेर गेल्यावर होईल. या दोन टोकांमधील योग्य रेषा कोठे आखावी, हा या संशोधनाचा गाभा आहे.

एक्झिटरची पाहणी

ही रेषा आकड्यांनी आखण्याचा महत्त्वाचा प्रयत्न इंग्लंडमधील एक्झिटर शहरात झाला. तेथील सामान्य वैद्यकीय व्यावसायिक विल्यम हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील सर्व २१ दवाखान्यांतील जुन्या नोंदी तपासल्या. त्यांची पद्धत उलट्या दिशेने जाणारी होती. कर्करोगाचे निदान झालेले रुग्ण घ्यायचे, त्याच वयाचे व त्याच दवाखान्यातील निरोगी लोक तुलनेसाठी निवडायचे आणि निदानापूर्वीच्या दोन वर्षांत दोन्ही गटांनी कोणत्या तक्रारी सांगितल्या होत्या, ते पाहायचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ३४९ रुग्ण व १,७४४ तुलनाव्यक्ती, तर फुप्फुसाच्या कर्करोगासाठी २४७ रुग्ण व १,२३५ तुलनाव्यक्ती तपासल्या गेल्या. दोन्ही अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष अनेकांच्या समजुतीला धक्का देणारे होते. थुंकीतून रक्त पडणे हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे ठळक लक्षण मानले जाते, परंतु ४० वर्षांवरील अशा १०० जणांपैकी दोन-तीन जणांनाच (२.४ टक्के) तो असल्याचे दिसले. वजन घटण्याच्या बाबतीत हे प्रमाण १.१ टक्के, तर नुसत्या खोकल्याच्या बाबतीत ०.४ टक्के होते. शौचावाटे रक्त जाणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण २.४ टक्के होते आणि बद्धकोष्ठतेत ते ०.४२ टक्के इतके खाली होते.

या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. लक्षण दिसले म्हणजे कर्करोग झालाच, असे नाही. बहुसंख्य रुग्णांना तो नसतो. दुसरीकडे, दोन लक्षणे एकत्र आली किंवा तीच तक्रार घेऊन रुग्ण पुन्हा आला, की शक्यता वाढते. खोकल्यासाठी पहिल्यांदा आलेल्याची शक्यता ०.४ टक्के होती. दुसऱ्यांदा आलेल्याची ०.५८ टक्के झाली. वाढ लहान असली तरी तिची दिशा स्पष्ट आहे. अशा आकड्यांवरून डॉक्टरांसाठी जोखमीचे तक्ते तयार करण्यात आले. २०१५ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तातडीने पुढे पाठविण्यासाठी साधारण तीन टक्के जोखमीची मर्यादा स्वीकारली; पूर्वी ही मर्यादा व्यवहारात पाच टक्क्यांच्या आसपास होती.

याच परंपरेतील आणखी एक शोध साध्या रक्ततपासणीसंबंधी आहे. रक्तातील प्लेटलेट्स वाढलेल्या ४० वर्षांवरील व्यक्तींचा एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पुरुषांपैकी ११.६ टक्के आणि स्त्रियांपैकी ६.२ टक्के व्यक्तींना पुढील वर्षभरात कर्करोगाचे निदान झाले. प्लेटलेट्स सामान्य असलेल्यांत हे प्रमाण अनुक्रमे ४.१ आणि २.२ टक्के होते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीच्या अहवालातील एक दुर्लक्षित आकडा इशारा देऊ शकतो, हा त्याचा धडा.

ऑर्हूसचा विरोधाभास

डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या सामान्य वैद्यक संशोधन विभागाने काळाचे मोजमाप हा विषय हाती घेतला. रुग्णाला लक्षण जाणवणे, त्याने डॉक्टरकडे जाणे, डॉक्टरने पुढे पाठविणे, निदान होणे आणि उपचार सुरू होणे असे या काळाचे टप्पे पाडण्यात आले. रुग्णाचा उशीर, डॉक्टरचा उशीर आणि व्यवस्थेचा उशीर वेगळे मोजल्याशिवाय सुधारणा कोठे करायची, हे कळत नाही, ही त्यामागील भूमिका.

मोजमाप सुरू होताच एक कोडे समोर आले. ज्यांचे निदान अगदी झटपट झाले, त्यांच्यातच मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. मग उशीर हितकारक म्हणायचा काय? येथील पीएच.डी. संशोधनातून या कोड्याची उकल पुढे आली. प्रकृती आधीच खालावलेल्या रुग्णाला कोणताही डॉक्टर त्याच दिवशी पुढे पाठवितो. म्हणजे झटपट निदान झालेल्या गटात गंभीर रुग्णांचीच गर्दी असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत हा संबंध इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वक्र असल्याचे दिसले : प्रतीक्षेच्या पहिल्या काही आठवड्यांत मृत्यूचा धोका उतरतो आणि त्यानंतर प्रतीक्षा वाढेल तसा तो चढत जातो. उशिराने नुकसान होत नाही, असा जो निष्कर्ष पूर्वीच्या काही अभ्यासांतून काढला जात होता, तो या मांडणीने डळमळीत झाला.

डेन्मार्कने २००८ पासून कर्करोगाच्या संशयितांसाठी ठरावीक कालमर्यादेचे तपासणीमार्ग लागू केले. मात्र साधारण निम्म्याच रुग्णांत ठळक लक्षणे असतात, हे लक्षात आल्यावर व्यवस्था तीन पायांवर उभी करण्यात आली : ठळक लक्षणांसाठी तातडीचा मार्ग, गंभीर पण अस्पष्ट लक्षणांसाठी स्वतंत्र निदान केंद्र आणि साध्या तक्रारींसाठी कुटुंबाच्या डॉक्टरला थेट तपासणी मागविण्याची मुभा.

बार्शी, धाराशिव आणि मुंबई

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथे प्रत्येक नागरिकाच्या नावे नोंदलेला एक डॉक्टर नसतो आणि वर्षानुवर्षांच्या भेटींच्या नोंदीही एका ठिकाणी मिळत नाहीत. त्यामुळे येथील संशोधकांना प्रथम नोंद निर्माण करावी लागली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत नोंदणीचे कार्यकर्ते फिरत, लोकांना भेटत आणि संशयित लक्षणे असलेल्यांना तपासणीस प्रवृत्त करीत. या संपर्कामुळेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे आढळले. यंत्रसामग्री येण्यापूर्वी केवळ संवादाने झालेला हा बदल होता.

त्यापुढील पाऊल तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात पडले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले गेले. तीन गटांत अनुक्रमे एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशींची तपासणी आणि सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी यांपैकी एक तपासणी एकदा करण्यात आली; चौथा गट नेहमीच्या आरोग्यसेवेवर राहिला. सुमारे आठ वर्षांनंतर एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४ मृत्यू झाले होते. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरातील धोरणांवर प्रभाव टाकला. चौथ्या गटाला तपासणी न देणे नैतिक होते काय, यावर पुढे वादही झाला. तो या अभ्यासाच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत तपासणी करविण्यात आली. डोळ्यांनी केलेल्या पाहणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने केलेल्या स्तनतपासणीचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले : गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, मृत्यूंतील एकूण १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही, मात्र ५० वर्षांवरील स्त्रियांत सुमारे ३० टक्के घट दिसली.

आकडे वाचताना

लवकर निदान आणि दीर्घ आयुष्य या दोन गोष्टी एकच नव्हेत. रोग दोन वर्षे आधी सापडला आणि मृत्यू मात्र त्याच दिवशी आला, तरी ‘निदानानंतरचे आयुष्य’ दोन वर्षांनी वाढल्याचा भास होतो. म्हणून गंभीर संशोधनात मृत्यूंची प्रत्यक्ष संख्या मोजली जाते. शिवाय एका देशातील आकडे दुसऱ्या देशात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एक्झिटरमध्ये थुंकीतून रक्त पडणाऱ्याची शक्यता २.४ टक्के असली, तरी क्षयरोग व्यापक असलेल्या भारतात त्याच तक्रारीचा अर्थ निराळा लावला जातो. येथे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांवर आधी क्षयरोगाचे उपचार होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. क्षयाच्या औषधांनी गुण येत नसेल तर पुढे कधी पाठवायचे, हा भारतीय संशोधकांसाठी अस्सल स्थानिक प्रश्न आहे.

आपल्याकडील चित्र

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. कागदावरील योजना आणि प्रत्यक्ष यांतील अंतर मात्र मोठे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के होत्या. स्तनतपासणी झालेल्या ०.९ टक्के.

गोव्यासारख्या लहान राज्याला येथे एक संधी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आवाक्यातील अंतरावर आणि पुढील उपचारांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. रुग्ण प्रथम कोठे गेला, किती वेळा गेला आणि बांबोळीला केव्हा पोहोचला, याचा माग येथे मोठ्या राज्यांपेक्षा सुलभतेने काढता येईल. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या एखाद्या प्रबंधासाठी याहून उपयुक्त विषय क्वचितच सापडेल.

तोवर संशोधनातून निघालेल्या काही गोष्टी आजच पाळता येतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, स्तनातील गाठ, तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला, शौचावाटे रक्त, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव किंवा कारणाविना घटणारे वजन यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरकडे जावे. पहिल्या औषधाने गुण आला नाही, तर दुकानातून तेच औषध पुन्हा न घेता त्याच डॉक्टरकडे परत जाऊन, ही तक्रार जुनीच आहे, असे स्पष्ट सांगावे. कारण दुसरी भेट पहिलीपेक्षा अधिक काही सांगते, हे एक्झिटरच्या आकड्यांनी दाखविले आहे. डॉक्टरनेही औषधाबरोबर ‘अमुक दिवसांत बरे न वाटल्यास पुन्हा यावे’ ही एक ओळ केसपेपरवर लिहावी. त्या ओळीला खर्च येत नाही, आणि हाती असलेला काळ वाया जाऊ नये, यासाठी तिचा उपयोग मोठा आहे.